कचेरीच्या कमानीतलं आग्यामोहोळ

४ फेब्रु.
सकाळी जुन्या कचेरीच्या बागेत फिरायला गेले. इंग्रजांच्या काळची कचेरी, छप्पर कधीचंच गेलं. आता नुसत्या भिंती, कमानी, मधे हिरवळ. मोठ्या कमानीला आग्यामोहोळ लागलंय, सुपाएवढं! माळी म्हणाला, "मॅडम, तिकून नका जाऊ. धूर, अत्तर काईच खपत नाई त्यायले."

घरी येऊन लेकीला, प्रणालीला बजावलं, बागेकडे फिरकायचं नाही. हसली. हसते कशी बाई! बारावीत असताना साधी मधमाशी चावली तर गळा सुजून श्वास कोंडला होता. सेवाग्रामच्या दवाखान्यात पोचेपर्यंत माझा जीव... डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा चावली तर जिवावर बेतेल.

७ फेब्रु.
समुद्रपूरहून विहीणबाईंचा फोन. लग्नाआधीचं शूटिंग करायचं, आणि कुठं? जुन्या कचेरीत! "कमानीत उभं करून रंगीत धूर सोडते म्हणे फोटोवाला. मस्त दिसते." मी म्हटलं, हो का, छान.

प्र.चं दुखणं त्यांना सांगितलेलं नाही. आधीच्या दोन स्थळांना सांगितलं, दोघांनीही नकार दिला. वर नातेवाइकांत झालं, पोरीत खोट आहे. यावेळी ह्यांनीच ठरवलं, तोंड उघडायचं नाही. मीही मान हलवली.

९ फेब्रु.
जागा बदलावी म्हणून नाही नाही ते सांगून पाहिलं. ऊन फार. पडकी जागा, अशुभ. "काऊन वो ताई, आता कोण मानते असं?" शेवटी मोहोळाचं सांगितलं. तर म्हणे, फोटोवाला पाहून आला, छेडलं नाई तं काई करत नाई.

ह्यांचं एकच: "गाडी तयार ठेवू न. काऊन एवढी भेते?" काऊन म्हणे!

प्र. तर वरताण. "लग्न झाल्यावर मीच सांगतो निखिलले. तू आता बोलली तं तुह्याशी बोलणारच नाई." मुलगा तिला मनापासून आवडलाय. त्याचा फोन आला की चेहरा कसा फुलतो, मला दिसत नाही का.

१२ फेब्रु.
झोप नाही. डोळा लागला की तिचा तो सुजलेला चेहरा. शाळेत आज पोरांवर उगाच खेकसले. सांगितलं तर लग्न जातं, नाही सांगितलं तर

१४ फेब्रु.
सांगितलं. सांगितलं कसलं, बोंबललेच.

शूटिंगसाठी प्र. घागरा सावरत कमानीकडे निघाली. निखिल आधीच तिथं. फोटोवाल्यानं धुराचा डबा काढला, अजून पेटवला नव्हता. आणि वर अख्खं मोहोळ शहारलं. मी चपला टाकून धावले. तिला दंडाला धरून ओढलं. "एक माशी चावली तं मरून जाईन माही पोरगी!"

विहीणबाई म्हणाल्या, "मंग आमाले काऊन नाई सांगितलं?" निखिल प्र.कडे बघत होता, ती खाली मान घालून. न जेवताच गेले ते लोक.

१७ फेब्रु.
प्र. बोलत नाही. हे म्हणतात, वाटोळं केलंस. म्हणू देत, पोरगी जिवंत आहे माझी. म्हणते खरी, पण तिच्या खोलीचं दार लागलं की बाहेर कान देऊन उभी राहते.

दुपारी विहीणबाईंचा फोन. "आमी संध्याकाळी येऊन राह्यलो." बस, एवढंच. कशासाठी, हे विचारायची हिंमत झाली नाही. पोहे करू की स्वयंपाक, तेही सुचेना.

प्र. बाहेर आली. साक्षगंधाची अंगठी बोटातून काढून डबीत ठेवली. काऊन गं, म्हटलं. इतक्या दिवसांनी बोलली:

"त्यायच्यासमोर काढा लागली तं रडू येईन मले."

फाटकाशी गाडी थांबली. उठते.