कार्डापायी बघितलेलं स्थळ

१६ सप्टेंबर, मंगळवार

परत हँग! सकाळपासून लॉबीचं रेंडरिंग चाललं होतं — संगमरवर, कुंड्या, झोपाळ्यावर दोन मुलं — आणि जेवायच्या वेळेला स्क्रीन काळीठिक्कर. बिल्डरचा फोन आला. म्हणाला, मॅडम, तुमच्या व्हिडिओच्या आधी आमची बिल्डिंग उभी राहील. हसत म्हणाला. पण दिवाळीनंतरचा मोठा प्रोजेक्ट मला द्यायचा की कल्याणच्या त्या स्टुडिओला, हे त्याचं अजून ठरलेलं नाही. मला माहीत आहे.

दोष कॉम्प्युटरच्या आतल्या ग्राफिक्स कार्डाचा. न बांधलेलं घर खऱ्यासारखं दाखवायचं सगळं ओझं त्याच्यावर, आणि ते माझ्या कॉलेजपासूनचं. नवीन पाहिजे. बस्स.

१८ सप्टेंबर, गुरुवार

कॅम्प दोनला जितेशभाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. मला पाहिजे त्या कार्डाची किंमत ऐकली आणि स्टूल ओढून बसले. एवढ्या पैशात पप्पांची स्कूटर आली होती, वर हेल्मेट! जितेशभाईंनी चहा सांगितला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बेटा, दुकान मेरा है फिर भी बोलता हूँ — फॉरेन से कोई आता हो तो मँगवा ले. फिटिंग मेरे पे छोड़ दे."

घरी आल्यापासून तेच बघतेय. दुबई, सिंगापूर, अमेरिका. सगळ्यात स्वस्त जपान! ओसाकातल्या एका दुकानात तेच कार्ड इतकं स्वस्त की उरलेल्या पैशात नवा मॉनिटर येईल. वर टुरिस्टला टॅक्स माफ! पण कुरिअरने मागवलं तर त्याचा खर्च वेगळा, आणि वाटेत आपटलं की खेळ खलास. कोणीतरी हातात धरून आणायला हवं.

ओसाकात माझं कोण आहे? आमच्या हेंद्रेपाड्याच्या बाहेर माझं कोण आहे!

२० सप्टेंबर, शनिवार

देव आहे.

कुमुदिनी आत्या स्थळ घेऊन आली. आत्याने स्थळ काढलं की मी उठून आत जाते, तशी आजही गेले. आतून ऐकू येत होतं. मुलगा मूळ अंबरनाथचा. उन्मेष. इंजिनियर. वडील नाहीत. आई वृंदा, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या शाळेत शिकवायच्या, आता रिटायर. मुलगा जपानला असतो.

मी आतूनच विचारलं, जपानला कुठे?

ओसाका!

शिवाय त्याची आई दसरा झाला की महिनाभर त्याच्याकडे जाणार आहे. जाणार आणि परत येणार! टुरिस्ट म्हणून! आत्या म्हणाली, त्या जायच्या आधी बघण्याचं उरकून घेऊ, पितृपक्ष तेवढा संपू दे. मी बाहेर येऊन म्हटलं, चालेल.

आईच्या हातातली बशी वाजली. दोन वर्षांत मी एकाही स्थळाला चालेल म्हटलेलं नाही. आत जाऊन तिने देवापुढे साखर ठेवली. मला जरा कसंतरी झालं.

जराच.

२८ सप्टेंबर, रविवार

झालं बघणं. वृंदाकाकू एकट्याच आल्या, उन्मेष फोनमध्ये. फोन साखरेच्या डब्याला टेकवून टेबलावर ठेवला. पप्पा त्याला म्हणाले, घ्या ना पोहे. मी हसू दाबायला पदराचं टोक चावत होते — आणि पदर कडक स्टार्चचा!

शेवटी आत्या म्हणाली, मुलांना बोलू द्या जरा. मला फोनसकट गॅलरीत पाठवलं.

तो म्हणाला, "तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा. काहीही."

मी चांगले प्रश्न ठरवून ठेवले होते. स्वभाव, आवडीनिवडी वगैरे. तोंडातून निघालं, "तिकडे ग्राफिक्स कार्ड खरंच एवढं स्वस्त आहे का?"

त्याचा चेहरा स्क्रीनवर थिजला. मला वाटलं नेट गेलं. मग तो इतका हसला की फोन त्याच्या हातातून पडला आणि मला छताचा पंखा दिसायला लागला. पंख्याच्या बाजूने आवाज आला, "कुठलं कार्ड?"

मी सांगितलं. त्याने फोन उचलला. "तेवढ्यासाठी बघायला हो म्हणालात?"

आता काय लपवायचं. "हो."

"मग फिटंफाट. मी एकतरी मुलगी बघितल्याशिवाय आई इकडे यायला तयार नव्हती. परत येताना कार्ड तिच्याबरोबर पाठवतो."

आत आल्यावर आत्याने विचारलं, काय बोललात एवढं? म्हटलं, कामाचं. ठरलं असं, की काकू परत आल्या की दोन्हीकडून हो-नाही कळवायचं. म्हणजे भरपूर वेळ आहे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

उन्मेषने दुकानातला फोटो पाठवला. अख्खी भिंत कार्डांची!! काचेत तो पण दिसतो. उंच आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

काकू सुखरूप पोचल्या. पैसे मी त्यांच्या अंबरनाथच्या खात्यात आधीच भरलेत. उन्मेष म्हणतो, टॅक्सची सूट त्याला नाही मिळत, काकूंना मिळेल, म्हणून दुकानात त्यांनाच नेणार.

त्याला लॉबीचा व्हिडिओ पाठवला होता. इतकी लोकं बघतात, छान छान म्हणतात. हा म्हणाला, झोपाळ्यावरच्या मुलांना सावली नाही. खरंच नव्हती! जुन्या कार्डाला झेपत नाही म्हणून मीच बंद केली होती. आजवर कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

आम्ही एकमेकांना अरे-तुरे कधीपासून करायला लागलो?

१९ ऑक्टोबर, रविवार

घेतलं! घेतलं! घेतलं!

दुकानातून व्हिडिओ कॉल. काउंटरवर काकू, हातात पासपोर्ट. सेल्समन कमरेत वाकला. काकूही वाकल्या. म्हणून तो परत वाकला. म्हणून काकू परत. उन्मेष मागे हसून लोळायचा बाकी. मग त्या माणसाने दोन्ही हातांनी खोकं पुढे केलं आणि काकूंनी ते प्रसादासारखं घेतलं. मला म्हणाल्या, वैदेही, हे चेक-इनला टाकणार नाही, मांडीवर घेऊन येईन.

इकडे आई चकल्या तळत होती. मी तिला घट्ट मिठी मारली. ती म्हणाली, अगं तेल! आणि मग बारीक आवाजात — आवडलाय ना तुला?

मी म्हटलं, तीन पंख्यांचं कार्ड आहे गं, कोणाला आवडणार नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

काकू काल उतरल्या आणि आज रिक्षा करून थेट आमच्याकडे! खोकं खरंच मांडीवर.

विमानतळावर त्या स्वतःहून कस्टमच्या लाल बाजूला गेल्या, सामान सांगितलं. ऑफिसरने विचारलं, आजी, हे कशासाठी? काकू म्हणाल्या, "यात अजून न बांधलेली घरं दिसतात." त्याने शेजारच्याला बोलावून दाखवलं म्हणे. मग व्यवस्थित ड्युटी लावली. पावती माझ्या हातात. मॉनिटरचे पैसे त्यात गेले! तरी इथल्यापेक्षा स्वस्तच.

जितेशभाई अवजारं घेऊन आले. झाकण उघडलं, कार्ड धरलं — आणि ते मावेना! कॅबिनेटपेक्षा लांब! वर जुन्या पॉवर सप्लायची वीजही पुरणार नाही. जितेशभाई परत कॅम्प दोनला जाऊन मोठं कॅबिनेट आणि नवा सप्लाय घेऊन आले. बचतीत आता कीबोर्ड येईल, तोही वायरचा. मला हसू आवरेना. पप्पांना वाटलं धक्का बसलाय.

चालू झालं. अख्खी लॉबी आईचा चहा उकळेपर्यंत तयार! मुलांना सावल्या! काकू शेजारी खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, वर जाता येतं? तिसऱ्या मजल्यावर नेलं. स्वयंपाकघरात आल्यावर म्हणाल्या, ओटा खिडकीकडे असता तर बरं. मी सरकवला. एवढ्या हसल्या!

होकार-नकाराचं एक अक्षर विचारलं नाही. वरणभात जेवल्या आणि गेल्या.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मोठा प्रोजेक्ट मला!!! बिल्डर म्हणाला, आता कसं घर घरासारखं दिसतंय. सगळ्यात आधी उन्मेषला सांगितलं. आईच्याही आधी. हे लिहिताना लक्षात आलं.

संध्याकाळी त्याचा मेसेज. "कार्ड पोचलं, चाललं, कामही मिळालं. आता आपलं बोलणं संपलं का?"

तीन उत्तरं लिहिली. तिन्ही पुसली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अजून काही लिहिलेलं नाही. त्याचाही मेसेज नाही. आत्याचे मात्र रोज फोन.

हो म्हटलं तर त्याला वाटेल, कार्डाची परतफेड. नाही म्हणायला बोट वळत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कार्ड गेलं.

स्क्रीनवर आधी हिरव्या रेघा आल्या, मग काहीच नाही. जितेशभाईंनी दुकानात दुसऱ्या मशीनला लावून बघितलं. मान हलवली. "पीस डिफेक्टिव निकला, बेटा. तेरी गलती नहीं." इथे कंपनी हात लावणार नाही, वॉरंटी फक्त त्या देशातली. ओसाकाच्या दुकानाला मेल केला. नम्रपणे उत्तर आलं — बदलून देऊ, कुरिअरने घेत नाही, प्रत्यक्ष आणा.

जितेशभाईंच्या स्टुलावर बसून रडले. गिऱ्हाइकं बघत होती. त्यांनी चहा सांगितला आणि पंखा माझ्याकडे वळवला.

बिल्डरला खरं ते सांगितलं. जानेवारीपर्यंत थांबतो म्हणाला. जुनं कार्ड परत बसवलं. मुलांच्या सावल्या काढून टाकल्या.

२२ नोव्हेंबर, शनिवार

काकूंचा फोन. म्हणाल्या, रडायचं काय त्यात, मी परत जाते आणि बदलून आणते, तिकीट बघते.

तिकीट मी कालच बघून ठेवलं होतं. खात्यातली उरलीसुरली बचत सगळी जाते त्यात. वर थोडे घालावे लागतात.

मी म्हटलं, "नको काकू. मी जाते."

त्या हळूच म्हणाल्या, बरं.

फोन ठेवून उन्मेषला उत्तर पाठवलं. नाही संपलं. विमानतळावर घ्यायला ये.