संजयच्या वाट्याला जे आलं नाही

मी, दामोदर सीताराम लांजेकर, वय एकोणपन्नास, धंदा तांब्याची भांडी घडवणे (सध्या बंद), राहणार तांबट आळी, कसबा पेठ, पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करीत आहे. बोलतो मी, लिहितात वकिलांचे कारकून, कारण माझा हात आता लिहीत नाही, नाचतो. डोकं शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी दिला आहे. पुढच्या वर्षाचा मागितला, तो त्या देत नाहीत.

कलम १. मला हंटिंग्टनचा आजार आहे. यात आधी हातपाय ताब्यातून जातात, मग डोकं. हंटिंग्टिन नावाचं प्रथिन प्रत्येकाच्या मेंदूत असतं आणि ते कसं घडवायचं हे सांगणारा जनुक आईबापाकडून येतो. माझ्या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा हवा त्यापेक्षा फार जास्त वेळा आला आहे. पत्र्याच्या एकाच जागी ठोके देत बसलं की पत्रा कडक होऊन तडकतो, तसं काहीसं मी समजून घेतलं. हे मला बाबांकडून आलं. माझा धाकटा भाऊ संजय त्याच बापाचा, त्याला आलं नाही. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता असते म्हणे. त्याला छापा, मला काटा.

कलम २. वडिलांबद्दल. आमच्या आळीत कोण काम करतंय हे बघावं लागत नाही, ऐकू येतं. तांबं ठोकून मठारताना प्रत्येकाच्या हातोडीचा ठेका वेगळा असतो. बाबांचा ठेका पंचेचाळिशीत मोडायला लागला, चालताना तोल जायला लागला. आळीनं कान देऊन ऐकलं आणि निकाल लावला, सीताराम प्यायला लागला! आळीचे तेव्हाचे कारभारी हिंमतराव करडे यांनी त्यांना कालिकामातेपुढे उभं करून दारू सोडल्याची शपथ घ्यायला लावली. ज्या माणसानं आयुष्यात थेंब चाखला नाही, त्यानं भांडण नको म्हणून शपथही घेतली. माझ्या तेराव्याला, जेवायला बसण्याआधी, आळीतल्या सर्वांसमोर मोठ्यानं सांगावं की सीताराम लांजेकर कधीही प्यायले नाहीत, त्यांना आजार होता. हे सांगितल्याशिवाय पानं वाढू नयेत.

कलम ३. राहत्या दोन खोल्या, खालचं दुकान आणि बँकेत असेल ते सगळं माझी पत्नी शकुंतला हिला. तिच्या माहेरच्यांनी सल्ले देऊ नयेत. आजवर दिलेले पुरे झाले.

कलम ४. बाबांच्या हातोड्या आणि ऐरण माझी मुलगी पूर्वा हिला. पोरगी कॉलेजातून आली की दुकानात बसते. हिंजवडीकडच्या हॉटेलांना हल्ली हातानं ठोकलेले दिवे लागतात, ते करते. हात सुरेख आहे. मी वर खाटेवर पडून तिचा ठेका ऐकतो. एखादा ठोका चुकला की मी पुढचे ठोके मोजायला लागतो, मग कळतं, फोन वाजला होता. आळीतल्या कोणीही तिचा ठेका कान देऊन ऐकू नये. मी ऐकतो तेवढं बस्स.

कलम ५. संजयला माझ्या मिळकतीतलं काहीही नाही. त्याला सगळं आधीच मिळालेलं आहे.

कारकून म्हणतात, कारण लिहिणं बंधनकारक नाही. लिहा हो तुम्ही! लहानपणी आळीतले मला म्हणायचे, "हुबेहूब सीताराम, काय हात आहे!" संजयच्या हाताला ठेकाच नव्हता. म्हणून मला ऐरणीवर बसवलं आणि त्याला शाळेत घातलं. तेव्हा तो माझ्यावर जळायचा. पुढे कॉम्प्युटरचे दिवस आले, तो कंपनीच्या बसनं हिंजवडीला जायला लागला, धायरीला फ्लॅट घेतला, तेव्हाही मी काही बोललो नाही. पण माझं निदान झाल्यावर त्यानं स्वतःची तपासणी करून घेतली. निकाल मला सांगायला तो धजेना. सांगितला त्याच्या बायकोनं, नम्रतानं, पेढे आणून. मी एक खाल्ला. चांगला होता.

मला त्याचा हेवा वाटतो. तो समोर बसून कपात चहा ओततो आणि बशीत थेंब सांडत नाही, ते मला बघवत नाही. लिहा, असंच लिहा.

त्यात भर म्हणून नम्रता म्हणाली, "भावोजी, लग्नाचं बघायच्या आधी पूर्वाची टेस्ट करून टाकू या." करून टाकू या! म्हणजे काय, गॅसचा नंबर लावायचा आहे? डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय, हे पूर्वानं स्वतः मागितलं तरच. सबब कोणीही, लग्नाच्या नावाखाली तर नाहीच, तिला तपासणीचा आग्रह करू नये.

मी पूर्वाला विचारलं. ती म्हणाली, "आत्ता नाही जाणून घ्यायचं, बाबा. वाटेल तेव्हा जाईन, काकाला घेऊन."

"काका कशाला? मी मेलोय का?"

"तुम्ही शेजारी असलात तर मी निकाल बघणारच नाही. तुमच्या तोंडाकडे बघत बसेन."

त्यानंतर दोन दिवस मी संजयचा फोन घेतला नाही. बापाची जागा, तीही त्यालाच?

कलम ६. कलम पाच दुरुस्त करतो. पूर्वा निकाल घ्यायला जाईल त्या दिवशी तिच्या शेजारची खुर्ची मी संजयला देतो. माझ्याकडे यापेक्षा मोलाचं काही नाही आणि हे मी खुशीनं देत नाही, याची नोंद व्हावी.

संजय, त्या दिवशी रजा टाकायची. मीटिंग होती वगैरे ऐकून घेतलं जाणार नाही. निकाल चांगला निघाला तर पेढे तू आणायचेस, आणि पहिला माझ्या फोटोपुढे न ठेवता तिच्या हातावर ठेवायचास. वाईट निघाला तर "काही होत नाही" म्हणायचं नाही. तुला ते म्हणायचा हक्क नाही. गप्प बसायचं आणि तिचा हात धरायचा. तुझा हात हलत नाही, मेल्या. त्यावरच मी इतकी वर्षं जळलो. त्या दिवशी तिला तसलाच हात लागेल.

वाचून दाखवले, बरोबर आहे.

दामोदर सीताराम लांजेकर
(सही वाकडी आहे, पण माझीच आहे. अंगठा लावणार नाही.)

साक्षीदार:
१. डॉ. पायल अभ्यंकर
२. हिंमतराव करडे, तांबट आळी. यांना मुद्दाम बोलावले आहे. सहीआधी कलम दोन त्यांनी स्वतः वाचावे.

वाचले. सीताराम प्यायला नव्हता. — हिं. करडे

पुणे, १४ ऑक्टोबर २००८