चाळीस ओळी, एकतीस क्लास

४ मार्च

चि. भाचीस, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं कॉम्प्युटरच्या त्या नव्या स्क्रिप्टिंग भाषेचं पुस्तक चार दिवसांत संपवलं. काय सुटसुटीत भाषा आहे! ना आधी सगळं यंत्राच्या भाषेत उलथून घ्यायला कंपायलरची मिनतवारी, ना काय काय वापरणार याच्या पानभर घोषणा. लिहा आणि चालवा. ब्लड बँकेत बावीस वर्षं चाललेला माझा रक्तदात्यांचा प्रोग्रॅम चाळीस ओळींत बसला. छापून सोबत पाठवते आहे.

आणि त्याच ब्लड बँकेसाठी तुम्ही मंडळी काय करताय? तुझ्या पत्रात मी एकतीस क्लास, म्हणजे माहितीचे कप्पे, मोजले. एक दाता, त्याच्या पोटी नियमित दाता, दुर्मीळ गटाचा दाता आणि आणखी कोण कोण. यादी करताय की वंशावळ? कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर निबंधातले फुकटचे शब्द लाल शाईनं खोडायच्या. तुझ्या प्रोग्रॅमला त्यांची दौत पुरली नसती.

लोभ आहेच, वाढवायचा का, ते तुझ्या उत्तरावर.

मावशी

९ मार्च

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

चाळीस ओळी चालवून पाहिल्या. सुरेख आहेत, पण ज्या फाईलमधून नावं वाचतेस, तिच्यावरच यादी लिहितेस. त्या दिवशी बोलवायचे तेवढे दाते उरले, बाकीचे गायब! नशीब, मी नकलेवर चालवलं. ज्यानं त्यानं माहितीला हात लावू नये, म्हणूनच क्लास असतात, हे तिसऱ्यांदा सांगते. आई म्हणते, तुमच्या भांडणात तिला ओढू नका.

पंधरा तारखेला आमचं हे काम ब्लड बँकेत चालू होतंय. माझ्यावर सोपवलेलं हे पहिलंच. दुर्मीळ रक्तगटाचा एकही दाता यादीतून सुटला तर मला बाजूला करू, असं साहेबांनी बजावलंय.

रागावलीस तरी पत्र टाक.

तुझी भाची

११ मार्च

चि. भाचीस, आशीर्वाद.

फाईलची घोडचूक कबूल. दुरुस्त ओळी सोबत आहेत.

आता माझं ऐक. दुर्मीळ गटाचे कितीतरी दाते दर तीन महिन्यांनी न चुकता येतात. तुझ्या रचनेत माणूस एकाच कप्प्यात बसतो. मग त्यांना कुठे बसवलंस? मी नावापुढे दोन खुणा करायचे, संपलं. दोघींच्या याद्या शेजारी ठेव आणि नाव न् नाव ताडून बघ. पंधराच्या आत!

तोंड फटकळ असलं तरी हात तुझ्या डोक्यावर आहे.

मावशी

१६ मार्च

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

दुर्मीळ गटाचे तुझ्या यादीत सत्तावीस, माझ्या यादीत सोळा. अकरा जण नियमितांच्या कप्प्यात जाऊन बसले होते. साहेबांना मीच जाऊन सांगितलं. ते आधी तापले, मग म्हणाले, दोन दिवस आहेत, निस्तर. वंशावळ मोडली. आता एकच दाता आणि त्याला हव्या तेवढ्या खुणा. क्लास मात्र सोडला नाही हं!

काल काम चालू झालं. आज एका बाळंतिणीला रक्त लागलं. त्या अकरांतले एक सुतारकाका तासाभरात येऊन देऊन गेले.

तुझ्या चाळीस ओळी रोज सकाळी आमची यादी तपासणार, असं साहेबांनी ठरवलंय. त्या सांभाळायला लिहिणारीच हवी म्हणतात. बाई निवृत्त आहेत आणि लगेच भडकतात, असं मी आधीच सांगून ठेवलं. तरी ते गुरुवारी तुझ्याकडे येताहेत. त्यांना फार बोलू नकोस.

तुझी भाची