पहिल्या रांगेतली जागा

१९ नोव्हेंबर १९६५, शुक्रवार

लाज गेली! परक्या मुलखात, पहिल्याच जुम्म्याला!

मशिदीत शिरलो तर पहिल्या रांगेत, मेहराबच्या, म्हणजे इमामाच्या कोनाड्याच्या, उजव्या अंगाला एका माणसाची जागा मोकळी. आमच्या दाभोळात रांगेत फट ठेवली तर इमामसाहेब कान उपटतात. गेलो, उभा राहिलो. शेजारचे दोघे अंगावर विंचू पडल्यासारखे दचकले. नमाज झाली, पण सलामाला कुणी हात पुढे केला नाही. अजान देणारा म्हातारा बांगी उबैद तर माझ्याकडे बघतच राहिला.

बाहेर आल्यावर रफिकनं झाडलं. रफिक आमच्याच मोहल्ल्यातला, ठेकेदाराची गाडी चालवतो. "अरे गाढवा, त्या जागेवर कुणी उभं राहत नाही. इंग्रजांच्या लढाईत तोफेचा गोळा भिंतीतून आला, तिथला माणूस खलास. दीडशे वर्षं होतील आता."

मग हे आधी नाही होय सांगायचं? आता बोंबल!

२१ नोव्हेंबर

भिंत नीट बघितली. तिच्याच दुरुस्तीसाठी तर मला, गवंड्याला, रास-अल-खैम्याला आणलंय. समुद्रातला दगड आणि चुना. गोळ्याचं भोक अजून तसंच — डोकं आत जाईल एवढं. तिथून चीर निघालीय ती थेट छपरापर्यंत. इथला उत्तरेचा वारा, शमाल म्हणतात त्याला, एकदा जोरात सुटला की भिंत पहिल्या रांगेवर! रमजान तोंडावर आलाय, मशीद भरलेली असणार.

ठेकेदार म्हणतो, भोक बुजव, गिलावा मार, यल्ला, चल आटप! थापी काढली तर उबैद भोकासमोर पाठ लावून बसला.

"हात नाही लावायचा." हिंदुस्थानी चांगलं बोलतो. तरुणपणी मोत्याच्या व्यापाऱ्याबरोबर मुंबईला जायचा. गोळ्यानं मेला तो उबैदच्या आजोबांचा चुलता.

मी म्हटलं, "बाबा, भिंत पडेल. माणसं मरतील."

"जहाजं कुठून आली होती? मुंबईहून. त्यांच्यावर माणसं कुठली होती? तुझ्या मुलखातली. तुम्हीच पाडायचं, आणि तुम्हीच बुजवायचं?"

थापी उचलली, बाहेर आलो.

२२ नोव्हेंबर

काम बंद. डोकं उठलंय. जेवणही गेलं नाही.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

आज अगदी मागच्या रांगेत. नमाजीत लक्ष कसलं, डोळे सारखे चिरेवर. तिच्याखाली म्हातारी माणसं, बापाला बिलगलेली पोरं. उबैदचा संताप येतो, आणि कीवही येते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

३० नोव्हेंबर

सकाळी वारा सुटला. भोकाच्या कडेचा ढलपा उबैदच्या पुढ्यात पडला. धावत जाऊन उचलला — आणि बघतच राहिलो. चुन्यात भाताचं तूस!

इथं खजूर आणि खारं पाणी. भात पिकतो कुठं? तूस घालून चुना आमच्याकडे मळतात. बापानं लहानपणी पायांनी तुडवायला लावलाय, पायाची सालं निघायची. मग भोकाची कड चाचपली. कुणीतरी ती हलक्या हातानं लिंपलीय. बुजवलं नाही, पण ढासळूही दिलं नाही.

"बाबा, हे आमच्याकडचं काम! कुणी केलं?"

उबैदनं ढलपा हातात घेतला. तो मुठीत धरून तसाच घरी गेला. या अल्ला, मी पुन्हा काही भलतंच केलं की काय?

१ डिसेंबर

उबैदबाबा स्वतः आले! म्हणाले, "कर. त्यानं केलं होतं तसंच कर."

"त्यानं म्हणजे कुणी?"

"आधी भिंत."

आता मी माझ्या मनासारखं करणार. भोक बुजवायचं नाही. आतून सागवानी चौकट बसवायची, चीर दगड घालून शिवायची, वर तुसाचा गिलावा. ठेकेदार कुरकुरला. कुरकुरू दे!

रफिकला तूस आणायला दुबईला पिटाळलं. तिथं मुंबईहून बरण्या तुसात बांधून येतात. हसून हसून त्याची मुरकुंडी वळली. "लोक दुबईहून सोनं नेतात रे, आणि तुला हवं तूस!"

२२ डिसेंबर

काल दिवसभर शमाल. डोळे उघडवत नव्हते. भिंत हलली नाही! कुठं केसभर तडा नाही. उबैदबाबा चौकटीवरून कितीतरी वेळ हात फिरवत होते. मला इतकं बरं वाटलं की रफिकला चहा मीच करून दिला.

२४ डिसेंबर, शुक्रवार

पहिला रोजा, त्यात जुम्मा. मी मागे बसलो होतो. उबैदबाबांनी येऊन माझं मनगट धरलं, सगळ्यांदेखत पुढे नेलं आणि त्याच जागेवर उभं केलं.

मी म्हटलं, "बाबा, ही जागा मेलेल्याची."

"त्याची नाही. ज्यानं गोळा डागला त्याची, तुझ्याच मुलखातल्याची. त्याची जहाजं गेली, तो गेला नाही. भिंत त्यानंच लिंपली, हिंदहून येणाऱ्या प्रत्येक नाखव्याकडे तूस मागून. आजोबा सांगायचे, पण ढलप्यातलं तूस बघून मला पटलं. मरेपर्यंत इथं उभा राहून माफी मागायचा. आमच्यातलं कुणी कधी त्याच्या शेजारी उभं राहिलं नाही."

मग उबैदबाबा माझ्या शेजारी उभे राहिले. खांद्याला खांदा लावून.