रामभाऊंच्या दुकानातला बाक

आर्वी, शनिवार, १२ मार्च १९८३

आज बसले एकदाची त्या बाकावर!

स्टँडसमोरचं रामभाऊंचं चहाचं दुकान आज बंद झालं. नवरा-बायको लेकीकडे नागपूरला चालले. इतकी वर्षं शाळेत शिकवताना त्यांचाच चहा प्यायले, पण त्या बाकावर कुठली बाई बसलेली पाहिली नाही. कोणी मनाई केली होती? आज सरळ म्हटलं, "सरका." सगळे पुरुष सरकले! मग स्टोव्हपाशी उभ्या काकूंना, रामभाऊंच्या बायकोला, हाक मारली. जन्मभर चहा उकळला, बाकावर कधी टेकल्या नाहीत. "मी काऊन?" म्हणत बसल्या. चहा रामभाऊंनी केला. पाणचट!

बाकावरचे पुरुष उठून गेले तसे रामभाऊ काकूंना म्हणाले, "ऊठ वं, दुकानाच्या फळ्या लावू दे."

काकू हलल्याच नाहीत. "लावजा सावकाश. आधी अजून एक कप आना."