गेरूचा फटकारा

अँटवर्प, मार्च १६४१

प्रिय दिंफ्ना,

तुझं पत्र पोचलं. तुला दिवस गेलेत हे हेरिंग मासे विकणाऱ्या योसला ओरडून सांगितलं, तर म्हणतो, "आजोबा व्हायला निघालास, आता तरी दाढी विंचर!" मठाच्या चर्चमधल्या वेदीवरच्या माझ्या चित्रात संत पीटरसाठी समोर बसवला होता, तोच हा.

तू मागितलेलं नमुनाचित्र मठाने परत दिलंय. दोन वितींची ओकची फळी. तीच दाखवून मठाधिपतींचा होकार मिळवला होता. मोठं चित्र मग चित्रशाळेतल्या सगळ्यांनी मिळून रंगवलं, या फळीवर मात्र फक्त माझा हात. क्रूसावरून उतरवलेला प्रभू, पायाशी मेरी. तू लिहितेस, फळी पाळण्याजवळ लावीन, बाळाला आजी दिसेल.

पोरी, नमुन्यात आम्ही अवघड तेवढंच सोडवून घेतो. निर्जीव हाताचा भार, उजेड कुठून यायचा ते. ओळखीचे चेहरे नंतरसाठी ठेवायचे, तिथे नुसता गेरूचा फटकारा. तुझ्या आईला म्हणायचो, तुझं तोंड मला पाठ आहे, मोठ्या चित्राच्या वेळी मेरी म्हणून बस. ती टोमणा मारायची, "हेरिंगवाला बसला, खाटीक बसला, घरच्या बाईला मेला उरलेला रंग!" त्याच उन्हाळ्यात प्लेग आला. आठ दिवसांत ती गेली. तू सहा वर्षांची होतीस.

मोठ्या चित्रातल्या मेरीला तिचा चेहरा द्यायला मी शिडीवर चढलो आणि तो येईना. शाळेत छड्या खाऊन पाठ केलेल्या मेंढपाळांच्या लॅटिन कविता मी आजही ओळ न चुकता म्हणतो. पण तिचं नाक आठवलं की हनुवटी निसटायची. सणाआधी चित्र वेदीवर चढायला हवं होतं. शेवटी शेजारच्या लिएर गावाहून लोणी विकायला येणाऱ्या एका बाईला मेरी म्हणून बसवलं.

तू दर रविवारी त्या चित्रापुढे मेणबत्ती लावायचीस, हळूच "आई" म्हणायचीस. मी मागे उभा राहून ऐकायचो. चौदा वर्षं तोंड उघडलं नाही.

फळी पाठवत नाही. तिच्यावर आई नाहीच, मेरीच्या तोंडाच्या जागी गेरूचा फटकाराच आहे. पण तू आईच्या मांडीवर निजायचीस, तिला फार जवळून पाहिलंयस. भुवया, दात, एखादा तीळ, आठवेल ते लिहून पाठव, त्यावरून मी या फळीवर तिचा चेहरा काढून बघतो. आणि डोळे मिटल्यावर तुलाही ती लोणीवालीच दिसत असेल, तर तेवढं मात्र मला कळवू नकोस.

तुझाच बाप,
लामबेर्त