दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

सोमवार, ३
पोहोचले एकदाची! ताई स्टेशनवर आली होती. मिठी अशी मारली की हाडं मोडायचीच बाकी राहिली. बोलली मात्र नाही. गेल्या वर्षी घशात गाठी झाल्या तेव्हापासून तिचा आवाज गेलाय; काय ते मोबाइलवर लिहून दाखवते. रस्ताभर मी टकळी चालवत होते आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

ताईने मला नोकरीला बोलावलं ती रेकॉर्ड काढणारी कंपनी म्हणजे अवघी दोन माणसं. ताई कव्हरं रंगवते, काका संगीत करतात. तिसरी मी: खोकी भरायची, दुकानांना फोन करायचे. खाली गोदाम, मधे स्टुडिओ, वर आमची खोली. काका कुणाचे काका कोण जाणे! हळू बोलतात, स्वेटरची कोपरं उसवलेली. स्टुडिओत वाद्य म्हणावं असं एकही नाही. भिंतभर बटणं, तारांचा गुंता आणि त्यातून निघणारी धडधड. पण डोळे मिटून ऐकलं तर पोटात खोल काहीतरी हलतं.

गुरुवार, ६
नव्या रेकॉर्डमध्ये काकांना यंत्रांच्या जोडीला माणसाचा आवाज हवाय. ताईने म्हणे माझं नाव सुचवलं. काकांनी माइक लावला आणि स्वतःच्या टकलावर असं काही बोलले की मी पोट धरून हसले. लगेच त्यांनी ते हसू कापून, फिरवून ऐकवलं. काचेचे मणी जिन्यावरून सांडावेत तसं. अंगावर मूठभर मांस चढलं.

शनिवार, ८
गंमतच झाली. ताईच्या नाकाला निळा रंग लागला होता. मी हसायला तोंड उघडलं तर नुसती हवा! हसू येतं, आवाज येत नाही. ताईने लिहून दाखवलं: इथल्या पुठ्ठ्याच्या धुळीने होतं, गरम पाणी पी.

मंगळवार, ११
काल खोकी भरताना मी गुणगुणत होते. टेबलावर माइक लोंबत होता, तो नंतर दिसला. आज गुणगुणताही येत नाही. बोलता येतं तेवढं. काकांना सांगितलं तर म्हणाले, घशाला आराम दे, फोन राहू देत. खरं तर कुठल्याच दुकानाला अजून एकही फोन करायला दिलेला नाही.

आईशी बोलले. तिने शेजारणीची फजिती सांगितली, स्वतःच खूप हसली, मग थांबून विचारलं, रागावलीस का गं?

शुक्रवार, १४
गेल्या वर्षीच्या रेकॉर्डची खोकी बांधत होते. आपल्याच कंपनीचं आहे, ऐकावं तरी, म्हणून एक लावली. दुसऱ्या बाजूला ताईचं हसू. शेवटी उचकी लागणारं, कुठेही ओळखेन. मग तिचं गुणगुणणं. मग रडणं. शेवटच्या गाण्यात धडधड थांबते आणि ताई स्वच्छ बोलते:

“मला सोडा. माझी धाकटी बहीण आहे. तिचा आवाज माझ्यापेक्षा गोड आहे. मी आणते तिला.”

पुन्हा. पुन्हा. ताल धरून.

ताईला समोर बसवून ऐकवलं. तिने मान वर केली नाही. मी ओक्साबोक्शी रडले. तेव्हा टेबलाखाली माइकचा लाल दिवा दिसला—

शनिवार, १५
रडूही गेलं. डोळे वाहतात, एवढंच.

बाहेरच्या दाराला कुलूप, किल्ली ताईच्या गळ्यात. माइकच्या भीतीने आईला मेसेजच केला, मला घेऊन जा. तिचं उत्तर आलं: ताईने कळवलंय, तुला करमत नाहीये, थोडी कळ काढ बाळा, ताई आहे ना.

मग ताईने फोन माझ्या हातातून काढून घेतला. हळूच. लहानपणी कात्री काढून घ्यायची तशी.

सोमवार, १७
खिडकी उघडली. समोर बेकरीवाली पायरी पुसत होती. वाचवा म्हणायचं ठरवलं होतं, तोंडातून निघालं “ताई!” पडले, भाजलं, भ्यायले की तेच निघतं.

ताई मागेच उभी होती. हातात माइक.

बेकरीवालीने वर पाहिलं. ताईने तिला हात हलवला. ती हसली, पायरी पुसत राहिली.

आता शब्द नाही. एकही.

शुक्रवार, २१
रेकॉर्ड बाहेर पडली. खाली माणसं, टाळ्या. जमिनीतून मीच ऐकू येतेय. हसतेय. गुणगुणतेय. रडतेय. ताई, ताई, ताई—

आणि मग खरी ताई. तोंडाने बोलणारी! जिन्यात आईशी फोनवर. “आई, अगं माझा आवाज परत आला!” रडत होती. आईही रडत असणार.

“छोटी ना? मजेत आहे गं. कामात आहे. बोलेल नंतर.”

मी खोलीच्या बंद दारावर लाथा मारल्या. ताई आईला म्हणाली, वर सामान हलवतायत.

रविवार
काका वर आलेत. म्हणाले, इतके दिवस छतातून एक बारीक कुरकुर ऐकतोय, फार गोड आहे, पुढच्या रेकॉर्डला हवी. पेनाची. लिहीत राहा म्हणाले.

माइक वहीला टेकवलाय. वही हलते म्हणून ताईने दाबून धरलीय. तिचा अंगठा या ओळीच्या शेजारी आहे. ती वाचतेय.

ताई, वाच. मी तुझ्यासाठी आले होते गं. नोकरीसाठी नाही. तू एकटी आहेस म्हणून—

अक्षर पुसट—

ताई अंगठा काढ, मला अजून एक